शुद्धीवर आलेलं नाक

नाकसाहेबांनी सिगारेट सोडली हे कारखान्यात सगळ्यात आधी कळलं ते फाटकावरच्या पहारेकऱ्याला, आणि त्याने ताबडतोब त्यांना झडतीसाठी बाजूला घेतलं.

त्याचं असं होतं. कारखाना साबणाचा. आत सुगंधी तेलांची पिंपं, स्पिरिटचे कॅन, भसकन पेटेल असा सगळा माल. म्हणून आत जाताना प्रत्येकाने आपली आगपेटी फाटकावर जमा करायची आणि घरी जाताना परत न्यायची, असा नियम. नाकसाहेब रोज सकाळी न चुकता खिशातली पेटी काढून पहारेकऱ्याच्या टेबलावर ठेवत. त्या सोमवारी त्यांनी काहीच ठेवलं नाही आणि सरळ पुढे निघाले.

"साहेब, पेटी?"

"नाही."

"नाही म्हणजे?"

"सोडली."

पहारेकऱ्याने त्यांना नीट न्याहाळलं. माणूस नोकरी सोडतो, घर सोडतो, रागाच्या भरात बायकोही सोडतो, हे त्याने पाहिलं होतं. पण नाकसाहेब सिगारेट सोडतील ही गोष्ट त्याच्या गळी उतरेना. "रागावू नका हं साहेब," तो म्हणाला, "पण जरा हात वर करा."

दुपारपर्यंत बातमी मनुष्यबळ विभागाच्या बाईंपर्यंत गेली. कारखान्यात आरोग्य पंधरवडा नुकताच सुरू झाला होता आणि त्यात दाखवण्याजोगं आरोग्य अजून कुणाकडेच निघालं नव्हतं. बाई फुलांचा गुच्छ आणि फोटोवाला घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी नाकसाहेबांचं पुरुषभर उंचीचं पोस्टर फाटकावर लागलं. खाली लिहिलं होतं, 'मी सोडली. तुम्ही?' फोटो नेमका तलफेच्या ऐन भरात काढल्यामुळे नाकसाहेब त्यात नुकतेच कुणाचा तरी गळा दाबून उठल्यासारखे दिसत होते. ते पाहून दोन कामगारांनी सिगारेट सोडली नाही, पण फाटकातून जाताना मान खाली घालू लागले.

खरं तर नाकसाहेबांना आरोग्याचं फारसं काही पडलेलं नव्हतं. त्यांनी सिगारेट सोडली होती ती नातीसाठी. म्हणजे नातीच्या आईसाठी. म्हणजे तिच्या नाकासाठी.

त्यांच्या एकुलत्या एक मुलीने बापाचं नाक जसंच्या तसं उचललं होतं. तिला मुलगी झाल्यावर हॉस्पिटलमध्ये नाकसाहेब कौतुकाने हात पुढे करून गेले, तेव्हा तिने एकदाच श्वास घेतला आणि बाळ पलंगाच्या पलीकडच्या बाजूला ठेवलं.

"बाबा, आधी ते सोडा."

"काय सोडू?"

"तुम्हाला माहितीये."

"अगं, मी बाहेर ओढून, हात धुऊन आलोय."

"ते पण कळलं," मुलगी म्हणाली. "हात कुठल्या साबणाने धुतलेत तेही सांगू?"

तेव्हापासून बाळाला सगळ्यांनी घेतलं. आजीने घेतलं, नर्सने घेतलं, शेजारच्या दोन बायकांनी आळीपाळीने घेतलं. जावई तर बाळाला जिंकून आणलेल्या ढालीसारखं छातीशी धरून खोलीभर फिरे. फक्त नाकसाहेबांची मांडी रिकामी. दर रविवारी ते बायकोबरोबर मुलीकडे जात, मुलगी दारातच त्यांची कॉलर हुंगे, मग बोटं हुंगे, आणि म्हणे, "बसा त्या खुर्चीत." ती खुर्ची खिडकीजवळ होती. बाळ दुसऱ्या टोकाला होतं.

जावई विम्याच्या कंपनीत होता. कपडे इस्त्रीचे, बोलणंही इस्त्रीचं. तो त्यांना धीर देई. "बाबा, फुप्फुसं पुन्हा गुलाबी होतात," तो नातीची पाठ थोपटत सांगे. "फक्त मनाचा निश्चय हवा." नाकसाहेबांना त्याचं डोकं खिडकीच्या गजांत अडकवावंसं वाटे. पण ते म्हणत, "हो ना."

पहिला आठवडा त्यांनी कसा काढला हे त्यांच्या बायकोला विचारावं. सिगारेट सुटते ती तोंडातून. हाताला कुणी काही कळवलेलं नसतं. हात आपला दर थोड्या वेळाने खिशाकडे जाई, रिकामा परत येई, आणि मग समोर जे दिसेल ते उचलून तोंडात घाली. त्यात पेन गेलं, चष्म्याची काडी गेली, एकदा तर टीव्हीचा रिमोट गेला आणि चॅनल बदलला. चहा प्यायल्यावर माणसाने पुढे काय करायचं असतं, हा प्रश्न त्यांना आयुष्यात प्रथमच पडला. ते रिकाम्या कपाकडे बघत बसत आणि मग बायकोवर ओरडत.

"मी काय केलं?" बायको विचारी.

"तू काही केलं नाहीस."

"मग ओरडता कशाला?"

"कुणीच काही करत नाही या घरात."

सल्ले तर दाराला लागलेल्या पत्रकांसारखे येत. लवंग चघळा. पाणी प्या. दीर्घ श्वास घ्या. गाजर धरा हातात. ज्यांनी आयुष्यात सिगारेटला हात लावला नव्हता ते सगळ्यांत अधिकाराने बोलत. मनुष्यबळवाल्या बाईंनी त्यांच्या मोबाइलवर एक ॲप घालून दिलं होतं. ते वेळी-अवेळी टिंग करून म्हणे, 'अभिनंदन, तुम्ही विजेते आहात.' विजेते त्या वेळी लिफ्टला शिव्या देत असत.

आणि मग, दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला, नाक शुद्धीवर आलं.

सकाळी त्यांना जाग आली ती वासाने. उशीला वास होता. पडद्याला होता. सोफ्याच्या पाठीला, कपाटातल्या कोटाला, भिंतीवरच्या कॅलेंडरलासुद्धा होता. शिळ्या, ओल्या राखेचा. नाकसाहेब घरभर हुंगत फिरले आणि गंभीर चेहऱ्याने स्वयंपाकघरात आले.

"आपल्या घरात कुणीतरी येऊन राहून गेलंय," ते म्हणाले. "भयंकर माणूस असणार."

"तुम्हीच," बायको म्हणाली. "लग्न झाल्यापासून राहताय."

इथपर्यंत सगळं घरगुती होतं. पण नाकसाहेबांचं नाक ही काही त्यांची खासगी मालमत्ता नव्हती. ते कंपनीचं होतं.

साबणात सुगंध किती घालायचा हे कागदावर लिहून ठेवता येत नाही, असं मालकांचं ठाम मत होतं, आणि ते मत नाकसाहेबांनीच कधीकाळी घडवलेलं होतं. लिंबाच्या तेलाचं प्रत्येक पिंप वेगळं. एखादं झणझणीत निघतं, एखादं मवाळ. त्यामुळे दर घाण्याला एकच पद्धत. साबणाच्या कोऱ्या किसात तेल मिसळायचं, त्यातून नमुन्याची एक वडी दाबायची आणि ती वासाच्या खोलीत नाकसाहेबांकडे न्यायची. ते वडी ओली करत, तळहातावर फेस काढत, हात नाकाशी नेत आणि डोळे मिटत. मान हलली की घाणा पास. नाही हलली तर मदतनीस बाई आणखी एक माप तेल ओतत आणि पुन्हा वडी येई. मान हलवल्याबद्दल त्यांना पगार, स्वतंत्र खुर्ची आणि हे नाव मिळालं होतं.

आता मधल्या वर्षांत काय झालं होतं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण ते फार सावकाश झालं होतं. धुराने नाक बधिर होत गेलं आणि मापं वाढत गेली. नाकसाहेबांना वाटे, हल्ली लिंबातच दम राहिला नाही. एक माप आणखी, दोन मापं आणखी. गिऱ्हाइकांची नाकंही हळूहळू तयार झाली. पुढे पुढे तर हा साबण प्रसिद्ध झाला तो त्यासाठीच. तो वापरणारा माणूस जिन्यात शिरला की वरच्या मजल्यावर कळे. एका घरातली वडी तीन घरांना पुरे.

त्या सकाळी मदतनीस बाईंनी नेहमीसारखी ओली वडी पुढे केली. नाकसाहेबांनी फेसाचा तळहात नाकाशी नेला आणि खुर्चीसकट मागे गेले.

"कुणी घातलं हे एवढं?"

"तुमच्याच मापाने आहे, साहेब."

"माझ्या? मागच्या घाण्याला किती होतं?"

"याहून एक माप जास्त. तुम्ही म्हणालात, लिंबू आजारी वाटतंय."

"मी म्हणालो?"

"त्याच्या मागच्या घाण्यालाही म्हणाला होतात," बाई म्हणाल्या. त्यांनी केमिस्ट्री केली होती आणि नाकसाहेबांच्या हाताखाली आल्यापासून ती विसरायचा प्रामाणिक प्रयत्न करत होत्या.

नाकसाहेबांनी तो घाणा बाजूला काढायला लावला. नवा कीस मागवला, नवं पिंप उघडायला लावलं आणि सुरुवातीपासून सुरुवात केली. एक माप. वडी. आणखी अर्धं. वडी. आणि मग तळहातावर त्यांना ते लिंबू भेटलं, नुकतंच नख लावल्यासारखं, साल, पांढरा गर आणि किंचित कडू देठ यांच्यासकट. कामाला लागले तेव्हा ते ज्या लिंबासाठी लागले होते, ते हेच. त्यांना जरा गहिवरून आलं. तलफेच्या दिवसांत माणसाला कशानेही गहिवरतं हे त्यांना ठाऊक होतं, तरी आलं. मान हलली. घाणा पास झाला, वड्या निघाल्या, खोकी भरली, ट्रक गेला.

ट्रक दोन दिवसांनी परत आला.

घाऊक व्यापाऱ्याने मालकांना फोन करून जे ऐकवलं त्यातला छापण्याजोगा भाग असा: "तुमचा साबण मी बंद खोक्यातून ओळखतो. आज खोकं उघडून, वडी फोडून, तिच्यात नाक घालून बसलोय, तरी ओळख पटत नाही. माझ्या गोदामातला उंदीर एरवी तुमचा माल आला की घर सोडून जातो. आज तो खोक्यावर बसलाय. हा नकली माल कुणाचा आहे तेवढं सांगा."

मालकांच्या केबिनमध्ये बैठक बसली. मालक, विक्रीप्रमुख, मनुष्यबळवाल्या बाई, आणि मधोमध आरोपीच्या खुर्चीत नाकसाहेब. मदतनीस बाई दारात वड्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या.

"एवढं काय त्यात," मालक म्हणाले. "मापं वाढवा, मान हलवा, ट्रक भरा."

"मागचा आकडा घालू का?" मदतनीस बाईंनी विचारलं. "पण पिंप नवीन आहे. हे तेल झणझणीत आहे की मवाळ, ते साहेबांनीच सांगायला हवं."

नाकसाहेबांनी प्रयत्न केला. खरंच केला. एक माप वाढवून वडी आली, त्यांनी श्वास रोखून मान हलवली. "चालेल."

"कसला चालेल," विक्रीप्रमुख वडी हुंगत म्हणाले. त्यांची बोटं पिवळी होती आणि बोलण्याआधी त्यांना खोकावं लागे. "याला काही वासच नाही."

दुसऱ्या मापाला नाकसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्याला ते मान हलवायला गेले आणि लागोपाठ शिंकत व्हरांड्यात पळाले. परत आले ते डोकं धरून. पूर्वीचा वास नेमका कुठे होता हे सांगायला पूर्वीचं नाक हवं होतं, आणि ते त्यांनी नुकतंच दुरुस्त करून आणलं होतं.

मालकांनी खुर्ची नाकसाहेबांजवळ सरकवली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हे सोडायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

मनुष्यबळवाल्या बाई छताकडे बघू लागल्या.

"मुलीने."

"मुलगी कंपनीत आहे?"

"नाही. नात झालीये. मुलगी म्हणते, सिगारेट ओढणाऱ्याच्या मांडीवर बाळ देणार नाही."

"बरोबरच आहे तिचं," मालक म्हणाले. "मी तुमच्या आरोग्याच्या आड मुळीच येणार नाही. तुम्ही फक्त कामाच्या वेळेत ओढा. घरी जाताना सोडा. रोज संध्याकाळी सोडा, आमची काही हरकत नाही."

"साहेब, एका सिगारेटने असं कुठे नाक बसतं?" मदतनीस बाई दारातून म्हणाल्या.

"सुरुवात तर होऊ दे," विक्रीप्रमुख म्हणाले.

"पण मोहिमेचं काय?" मनुष्यबळवाल्या बाईंना कंठ फुटला. "फाटकावर पोस्टर आहे. त्याच्याच खाली उभं राहून ओढणार का ते?"

"म्हणून तर फाटकाबाहेर नको," मालक म्हणाले. "आत. वासाच्या खोलीत. दार लावून." आणि नाकसाहेबांकडे वळून, आवाज आणखी मऊ करून: "हे बघा, जबरदस्ती नाही. पण मान हलत नसेल तर त्या खुर्चीचं मला काहीतरी बघावं लागेल. ट्रक उभा आहे."

विक्रीप्रमुखांनी आपल्या पाकिटातली एक सिगारेट काढून नाकसाहेबांच्या बोटांत ठेवली. हाताला इतक्या दिवसांनी ओळखीचं माणूस भेटलं. न पेटलेल्या तंबाखूचा वास नव्या नाकाला आला तो उन्हात वाळलेल्या गवताचा आणि अंजिराचा. एवढ्या वर्षांत तो त्यांनी कधी घेतलाच नव्हता, कारण थेट पेटवायचीच घाई असे. तळव्यांपासून टाळूपर्यंत सगळं शरीर एका सुरात 'आण' म्हणू लागलं. अशा वेळी डोळ्यांसमोर नातीचा चेहरा यायला हवा होता. खोटं कशाला सांगा, नाही आला. त्या क्षणी काडी असती तर नाकसाहेबांनी ती सिगारेट ओढली असती, पाठोपाठ दुसरी ओढली असती, आणि ही गोष्ट इथेच संपली असती.

पण काडी नव्हती.

सगळ्या आगपेट्या फाटकावर. मनुष्यबळवाल्या बाई स्वतः आणायला गेल्या. पहारेकरी म्हणाला, पेटी ज्याची त्यालाच, आणि तीसुद्धा बाहेर जाताना. मालकांनी फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, आवाज मालकांसारखा आहे, पण परवाना लागेल. कारखान्यात उघडी ज्योत न्यायची तर एकच परवाना होता, तो वेल्डिंगचा. बाईंनी तो भरायला घेतला. कामाचं स्वरूप: कापणे, जोडणे, इतर. बाईंनी 'इतर'वर खूण केली. ज्योतीजवळ अग्निशामक नळकांडं हवं, ओलं पोतं हवं, नजर ठेवायला एक माणूस हवा. खाली सुरक्षा अधिकाऱ्यांची सही. सुरक्षा अधिकारी बॉयलरवर होते. त्यांनी विचारलं, जे जाळायचं त्याचा व्यास किती. बाई मोजायला परत आल्या. नाकसाहेबांनी सिगारेट पुढे धरली, बाईंनी फूटपट्टी लावली, आकडा लिहिला आणि पुन्हा गेल्या.

इकडे नाकसाहेब वासाच्या खोलीत सिगारेट बोटांत धरून बसले होते. तलफ आधी उभी राहिली, मग येरझाऱ्या घालू लागली, मग दाराकडे बघू लागली. सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी ताटकळून काम न होताच घरी जाणाऱ्या माणसासारखी शेवटी ती हळूच निघून गेली. कधी गेली हे त्यांना कळलंही नाही. कळलं ते एवढंच की ते मघापासून ट्रेमधल्या वड्यांकडे बघत होते आणि जेवायला काय असेल याचा विचार करत होते.

त्यानंतर बऱ्याच वेळाने सही आली आणि तिच्यापाठोपाठ फाटकावरून आगपेटी आली. नळकांडंवाला एका बाजूला, पोतंवाला दुसऱ्या बाजूला आणि मालक समोर उभे राहिले. विक्रीप्रमुखांनी काडी ओढली आणि आदराने पुढे धरली.

"नको," नाकसाहेब म्हणाले.

"नको म्हणजे?"

"म्हणजे आता नकोय."

"मघाशी तर हवी होती," मालक म्हणाले.

"मघाशी परवाना नव्हता."

"अहो, खुर्चीचा विचार करा."

नाकसाहेबांनी खुर्चीचा विचार केला. चांगली खुर्ची होती. तिच्यात बसून त्यांनी डोक्यावरचे केस घालवले होते. तलफ पुन्हा येणार, उद्या येणार, घरी जाता जाता फाटकावरच येणार, हेही त्यांना दिसत होतं. पण ती आता इथे नव्हती, आणि नसलेल्या तलफेसाठी मुलीच्या दारात बोटं लपवायची त्यांची तयारी होईना. "दुसरं कुणी बघा," ते म्हणाले आणि सिगारेट ट्रेमध्ये वड्यांशेजारी ठेवली.

विक्रीप्रमुखांची काडी बोटांपर्यंत जळत आली होती. एवढा परवाना काढलाय तर तो वाया जाऊ नये, या शुद्ध हेतूने त्यांनी ती सिगारेट उचलून स्वतःच पेटवली, दोन झुरके घेतले आणि नाकसाहेबांना पळवून लावणारी ती वडी विरंगुळा म्हणून हुंगली.

"अजून कच्चं आहे," ते खोकत म्हणाले. "लिंबू कुठाय यात?"

मालक सावकाश वळले आणि विक्रीप्रमुखांकडे, कित्येक वर्षांत प्रथमच, प्रेमाने पाहू लागले.

आठवडा संपायच्या आत खुर्चीवर नवीन नाक बसलं. ट्रक गेला तो परत आला नाही. व्यापाऱ्याचा फोन आला, उंदीर घर सोडून गेला. विक्रीप्रमुखांना वेल्डिंगचा कायमचा परवाना मिळाला. नाकसाहेबांची बदली पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या खात्यात झाली. तिथे त्यांच्या कौशल्याला वाव नव्हता, पण पोस्टर मात्र फाटकावर तसंच राहिलं, कारण पंधरवडा संपायचा होता.

"खुर्ची गेली," त्यांनी घरी सांगितलं.

"मग आता काय हुंगणार दिवसभर?" बायकोने विचारलं.

"पुठ्ठा."

बायको कपाटाकडे गेली. मग तिने त्यांचा शर्ट उचलून बिनवासाच्या पावडरमध्ये भिजत घातला. "रविवारी हाच घाला," ती म्हणाली.

रविवारी मुलीने दार उघडलं. कॉलर हुंगली. उजव्या हाताची बोटं हुंगली, मग डाव्या हाताची. "तोंड उघडून हाऽ करा," ती म्हणाली. नाकसाहेबांनी हा केलं. मुलीने पुन्हा हुंगलं.

"पुठ्ठ्याचा वास येतोय."

"येणारच."

"या आत," ती म्हणाली. "सोफ्यावर बसा." खुर्ची नाही, सोफा. नाकसाहेब मुलाखतीला आल्यासारखे टोकावर बसले आणि गुडघे जुळवून मांडी तयार केली. बायको बाटल्या उकळायला थेट स्वयंपाकघरात गेली. तेवढ्यात जावई बाहेरून आला, हातात डायपरचा गठ्ठा. या घरात डायपर कधीच संपत नसत, पण तो ते आणायला दिवसातून दोनदा तरी जाई. त्याने जाकीट खुंटीला लावलं, मोठा आवाज करून हात धुतले आणि पाळण्यातून बाळाला उचलून छातीशी धरलं.

"दे त्यांच्याकडे," मुलगी म्हणाली. जावई सोफ्याकडे आला. नाकसाहेबांनी हात पुढे केले. आणि मुलगी मधेच म्हणाली, "थांब."

"काय झालं?" नाकसाहेबांनी विचारलं.

"बाबा, वास येतोय."

"मी ओढलेली नाही."

"दारात नव्हता. आता येतोय."

"अगं, शरीरातून बाहेर पडत असतं ते कित्येक महिने," जावई समजुतीच्या सुरात म्हणाला. "रक्तात मुरलेलं असतं ना. बाबांचा दोष नाही तो." आणि बाळाला घेऊन दोन पावलं मागे सरकला.

नाकसाहेब रागावले असते, पण रागावायच्या आधी त्यांना तो वास आला. खरंच होता. ताजा होता. कामाची सवय, वास आला आणि तो कुठून येतोय हे न शोधता बसून राहणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. ते उठले. खिडकीपाशी गेले. तिथे नाही. पडदा नाही. पाळणा नाही, पाळण्याला दुधाचा. मग दाराजवळच्या खुंटीकडे निघाले, तेव्हा जावयाचं पाठ थोपटणं बंद पडलं.

वर पुदिन्याची गोळी. मधे इस्त्री. आणि त्या दोघांच्या खाली, स्वस्तातली, घाईघाईत ओढलेली, जेमतेम अर्धी.

नाकसाहेबांनी मागे वळून पाहिलं. जावई त्यांच्याकडे अशा चेहऱ्याने बघत होता की त्यांना आरशात पाहिल्यासारखं झालं. त्यांच्या मनात आलं, काही बोलू नये. परत जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसावं, आणखी एक रविवार. पण मुलगी त्यांच्या मागोमाग खुंटीपाशी आली होती. तिने जाकिटाची कॉलर हातात धरली, नाक लावलं आणि तशीच उभी राहिली. इतके रविवार घरात जो काही धूर दरवळला तो तिने बापाच्या नावावर टाकला होता. आता ती मनातल्या मनात त्याची फेरमांडणी करत असावी.

"ऑफिसमधले लोक..." जावई म्हणाला.

"बोटं," मुलगी म्हणाली.

जावयाचे दोन्ही हात बाळाखाली होते. मुलीने बाळ त्याच्याकडून काढून घेतलं. मग ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि आजूबाजूला बघू लागली. आई आत, कोपरापर्यंत ओली. नवरा समोर, बोटं मागे लपवून. तिला त्या जाकिटाविषयी बरंच बोलायचं होतं आणि त्यासाठी हात मोकळे हवे होते. तिने बाळ नाकसाहेबांच्या मांडीवर ठेवलं. घरात त्या क्षणी तेवढीच एक मांडी उरली होती.

आतल्या खोलीचं दार लागलं. नाकसाहेबांनी हालचाल केली नाही. बाळाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, काही विशेष न वाटून जांभई दिली आणि त्यांच्या शर्टाचं बटण मुठीत धरलं.

बऱ्याच वेळाने जावई बाहेर आला. त्याला सांगितलं होतं त्याप्रमाणे तो खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. त्याचा हात खिशाकडे गेला, रिकामा परत आला.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "पहिले दिवस कसे जातात?"

नाकसाहेबांनी विचार केला.

"वाईट," ते म्हणाले. "आणि जरा हळू बोला, झोपतेय ती."